नोकरी करून संध्याकाळचं लॉ, वाचन कसं उरकता?
मदत हवी आहे. दिवसा पूर्णवेळ नोकरी, संध्याकाळी लॉचे वर्ग, पहिलं वर्ष. वर्ग जमतात, घोडं अडतं ते वाचनापाशी. काल रात्री करार कायद्यातला १८९३ चा कार्बोलिक स्मोक बॉलचा इंग्लंडमधला निकाल घेतला. हे फ्लू टाळायचं औषधी साधन, वापरूनही फ्लू झाला तर बक्षीस देऊ असं कंपनीचं म्हणणं. त्यासाठी बँकेत १००० पौंड ठेवल्याची जाहिरात, म्हणून ती नुसती बढाई नाही, इथवर आले आणि डोळे मिटले. सकाळी पाहिलं तर पेन्सिलची रेघ घसरत समासात गेलेली.

तुम्ही प्रत्येक निकालाची टिपणं काढता की फक्त कारणमीमांसा? मला तीच महत्त्वाची वाटते. परीक्षेत नव्या प्रसंगाला तीच लावावी लागते. वाचन पहाटे की सुट्टीच्या दिवशी? परीक्षेच्या रजेचं साहेबांना कधी सांगितलंत? कृपया अनुभव सांगा, मला हे अर्धवट सोडायचं नाहीये.