शामन कॅरेक्टरला आत्मे कसे मिळवून द्यायचे? (सांगली, बजेट १५००)

रविवारचा_डीएम
नमस्कार मंडळी. विश्रामबागला माझ्या खोलीवर दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) फिफ्थ एडिशन चालतं, मी डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा, आणि चार पोरं. त्यातला एक कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, तो एक रविवार आड उगवतो, तो वेगळाच वैताग. आता एकाला शामन, म्हणजे आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक, खेळायचाय. प्लेयर्स हँडबुक ह्या नियमांच्या पुस्तकात शामन क्लासच (पात्राचा प्रकार) नाही, ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, घे म्हटलं तर म्हणतो मला जादू मारायची नाय, मला आत्म्यांशी सौदा करायचाय. मागच्या रविवारी करून बघितलं. विहिरीतला एक आत्मा आणला, ह्यानं पर्सुएशनला, म्हणजे मन वळवायच्या फाशाला, २० पैकी १९ पाडले आणि दोन मिनिटांत विहीर ह्याच्या खिशात. काय मजा नाय राव. तर आत्मे कमवायचे कसे आणि घासाघीस कशी चालवायची, ह्याचे चांगले नियम कुठल्या पुस्तकात आहेत? बजेट १५०० आणि वर एक रुपया नाही.

अजिंक्यतारा_७७
रूनक्वेस्ट नावाचा गेम घे. विषय संपला. १९७८ पासून हेच करतायत ते लोक. त्यात शामन व्हायचं म्हणजे आधी आत्म्यांच्या दुनियेत जाऊन मार खायचा, बॅड मॅन नावाचा एक प्रकार तुमची परीक्षा बघतो, त्यातून वाचलात तर तुमच्याच आत्म्याचा एक भाग जागा होतो, त्याला फेच म्हणतात. तुम्ही शरीर सोडून फिरायला गेलात की मागं शरीर राखायला फेच. आणि वरच्या शक्ती हव्यात तर बंधनं घ्यायची, हे खायचं नाही, ते करायचं नाही. २०१८ ची एडिशन माझ्याकडे हार्डबाउंड आहे, कपाटात काचेमागं ठेवलीय, बायको म्हणते देव्हारा कर आता. बजेट वाढव भावा, अशी गोष्ट एकदाच घ्यायची असते.

भडंगवाला
वर सांगितलंय ते बरोबर पण बाहेरून मागवू नकोस. मी एक जाडजूड पुस्तक मागवलं, कस्टमचे पैसे वेगळे, कुरियरवाल्यानं पावसात गेटवर टाकलं आणि गेला. पानं अशी फुगली की पुस्तक अजून मिटत नाही, वर पाटा ठेवलाय. पीडीएफ घे.

अजिंक्यतारा_७७
पीडीएफला काय वास येतो का पुस्तकाचा

भडंगवाला
माझ्या पुस्तकाला पण येतोय की वास. बुरशीचा.

सहाफाशी
शॅडोरन बघ. १९८९ चा गेम, भविष्यातलं शहर, पण जुन्या एडिशनमधला शामन एक नंबर. मेजला, म्हणजे तिथल्या दुसऱ्या जातीच्या जादूगाराला, एलिमेंटल (आग-पाण्यासारख्या तत्त्वाचा आत्मा) पाहिजे तर सामान विकत आणा, तासन्‌तास विधी करा. शामन उभ्या उभ्या हाक मारतो. पण आत्मा त्या जागेपुरताच. रस्त्यावरचा आत्मा घरात येत नाही, घरातला अंगणाबाहेर पडत नाही, आणि सूर्य उगवला नायतर मावळला की चालला. फाशात जितकी यशं तितकी कामं सांगायची, एक जास्त सांगितलं की संपलं. वर ड्रेन, म्हणजे जादूचा थकवा, असतो, मोठा आत्मा बोलवला तर बोलवणाराच आडवा. आमच्यातल्या एकानं आपल्या कुवतीपेक्षा मोठा बोलवला आणि अख्खं सेशन झोपून काढलं, भजी मात्र सगळी त्यानंच खाल्ली. विहिरीसाठी हेच वापर: विहिरीचा आत्मा विहिरीपाशीच, काम एकच, दिवस मावळेपर्यंत.

हरिपूरकर
एक शंका. हे शामन म्हणजे शमनच ना? अग्निशमन, पित्तशमन. शांत करणारा.

सहाफाशी
नाय हो काका, सायबेरियातल्या एव्हेंकी लोकांचा शब्द आहे.

हरिपूरकर
काही अभ्यासक त्याचा संबंध आपल्या श्रमणाशी लावतात.

सहाफाशी
लावतात, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. आणि त्यानं विहिरीचा काय प्रश्न सुटतो?

हरिपूरकर
तुमच्या भज्यांनी सुटला का?

कंदीपेढा_साताऱ्याचा
पुस्तक कशाला पाहिजे, आपल्याकडं नवस आहे की. आमच्या आज्जीनं पालीच्या खंडोबाला जागरण बोललं होतं, धाकट्या काकाला नोकरी लागू दे म्हणून. नोकरी लागली. जागरण राहिलं. मग म्हैस आटली, जागरण राहिलं म्हणून. काकाची बदली झाली, जागरण राहिलं म्हणून. नळाला पाणी आलं नाही तरी आज्जी भिंतीवरच्या खंडोबाच्या फोटोकडं बघायची. शेवटी अकरा वर्षांनी घातलं तर पाव्हणे, वाघ्या-मुरळी, जेवणं, सगळ्याला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च. तसं ठेव. मागताना फासा टाकूच देऊ नको, आत्मा लगेच हो म्हणतो. फक्त काय कबूल केलं ते त्या पोराच्याच अक्षरात वहीत लिहून घे. विसरला की तू तोंडानं काही बोलायचं नाही, नुसती वही उघडून ठेवायची.

विवेकी_वाटसरू
ज्या साताऱ्यात डॉ. दाभोलकर जन्मले तिथून असले सल्ले येतायत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा जरा.

कंदीपेढा_साताऱ्याचा
अहो खेळ आहे. ड्रॅगन पण आहे त्यात, त्याला कुठलं कलम लावता?

विवेकी_वाटसरू
खेळाला विरोध नाही. फक्त फसवणारा भोंदू आत्माही ठेवा एखादा, ज्याच्याकडे शक्तीच नाही आणि नैवेद्य मात्र जोरात मागतो.

सहाफाशी
हे मात्र झकास. घेतलं मी.

एकटाच_खेळतो
धागा आत्ता वाचला. पाथफाइंडर ह्या अशाच गेमच्या सेकंड एडिशनचे नियम ऑनलाइन अधिकृतपणे फुकट आहेत, कोणीच कसं बोललं नाही. त्यात २०२४ ला ॲनिमिस्ट क्लास आला, रोज सकाळी कुठले आत्मे सोबत घ्यायचे ते निवडायचं. सौदा फार नाही त्यात, पण पैसे शून्य. डी अँड डीतच राहायचं तर त्याच्या झनाथर नावाच्या जोडपुस्तकात शेफर्ड ड्रुइड आहे, अस्वल, ससाणा नायतर युनिकॉर्नचा आत्मा बोलवतो. डी अँड डीच्याच फोर्थ एडिशनला खरा शामन क्लास होता, २००९ चा, त्याच्या आत्म्याला जोरात लागलं की आत्मा गायब आणि शामनलाही कळ. हे गेम अर्थात माझे नुसते वाचून झालेत, कऱ्हाडात खेळायला माणूस नाही.

मिरज_जंक्शन
रूनक्वेस्ट घ्या सर. फेच नावाची कन्सेप्ट आहे त्यात, लय भारी.

रविवारचा_डीएम
सगळ्यांचे आभार. पुस्तक घेतलं नाही. १५०० चा टेबल फॅन आणला, खोलीत पाच जण बसले की भट्टी होते.

वही केली, पण आत्मा मी चालवत नाही. कुपवाडवाल्याला आत्मा केलाय. त्याची फर्स्ट शिफ्ट असली की तो येतो आणि विहिरीत बसतो, सेकंड असली की विहीर कोरडी. शामन बाकी दोघांना सांगतो, आज आत्म्याची कृपा नाही. काल आला तर शामनकडं विहिरीच्या पाण्याबद्दल तीन बकऱ्या मागितल्या, घासून एकीवर आणलं, आणि बाहेर पडताना कुपवाडवाल्यानं शामनवाल्याकडून खरोखर पेट्रोलचे शंभर घेतले. ते पण वहीत लिहिलंय.

अजिंक्यतारा_७७
फॅन कुठल्या कंपनीचा?