मदत हवी आहे: अंडंही न खाता रोजचं १०० ग्रॅम प्रोटीन कसं जमवता?

नमस्कार मंडळी,
माझं वजन ६२ किलो. जिममध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस नियमित चालू आहे. उचलायचं वजन हळूहळू वाढतंय, पण अंगावर मांस काही चढत नाही. घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर रोज साधारण १०० ग्रॅम प्रोटीन लागतं. अर्धा लिटर दुधातून १६, १०० ग्रॅम पनीरमधून १८ आणि ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांतून २६ ग्रॅम मिळतं. उरलेलं पोळ्या, उसळ, फुटाणे यांतून. कागदावर बेरीज जुळते, पण रोज एवढ्या वड्या खाल्ल्या की पोट फुगतं, आणि संध्याकाळच्या व्यायामात पुढे वाकणंही नकोसं होतं. आमटीवर माझा फारसा भरवसा नाही, वाटीत डाळ कमी आणि पाणीच जास्त.

वड्या निम्म्या करून व्हे (दुधापासून बनणारी प्रोटीन पावडर) सुरू करावं का? दूध मला व्यवस्थित पचतं. की मुळात एकूण खाणंच कमी पडतंय, भात-तूप वाढवायला हवं? शाकाहारावर वजन वाढवलेल्यांनी आपलं दिवसभराचं ताट सविस्तर लिहा, प्लीज. डब्यात नेता येईल असं असेल तर फारच उत्तम.