वळवाच्या पावसावर पेरणी नको

आप्पा: काल रात्री मेघराजा बरसला. तासभर नुसता धो धो. ओढा वाहिला. गावात सगळ्यांची एकच बोली, यंदा पाऊस लवकर आहे, अंदाजही चांगला आहे. रान तयार करून ठेवलंय, आता सोयाबीन टाकून मोकळं व्हावं म्हणतो.

काका: आप्पा, घाई करू नका. २०२५ ला काय झालं? २४ मेला मान्सून केरळात, २६ ला मुंबईत. एरवी मुंबईत ११ जूनला येतो. आणि त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत जागचा हलला नाही. मे महिन्याच्या ओलीवर पेरणाऱ्याचा जीव तेव्हा टांगणीला लागला होता.

ताई: कालचा पाऊस वळवाचा आहे, आप्पा. दुपारी रान तापतं, ढग चढतात, आपल्याकडे कोसळतो आणि पलीकडच्या शिवारात थेंब नसतो. आणि हवामान खात्याचा तो टक्क्यांचा अंदाज आपल्या शेताचा नाहीच. तो जून ते सप्टेंबर, पूर्ण देशाचा. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की सर्वसाधारण म्हणतात. मराठवाड्यात जूनमध्ये खंड किती दिवसांचा पडेल, ते त्या आकड्यात दिसत नाही. टक्के चांगले असूनही दुबार पेरणी होते. एकदा टिकाव मारून ओल कुठवर गेलीय ते बघता का?

वहिनी: कांदाचाळीतल्या कांद्यावर ताडपत्री आहे ना? आणि वीज कडाडायला लागली की बैलं लिंबाखाली बांधू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मी तुमच्या फोनवर घालून दिलंय, ते बघत जा.

आप्पा: कांदा झाकलाय. बैलं गोठ्यात आहेत.

आप्पा: आत्ता रानात आहे. टिकाव मारला. वर चार बोटं चिखल, खाली कोरडं ठणठणीत ढेकूळ. भेगासुद्धा बुजल्या नाहीत.

ताई: हेच म्हणत होते. चार बोटं ओलीवर बी उगवेल, पण दोन कडक उन्हं पडली की कोंब जळेल. ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या, वाफसा येऊ द्या, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं, मग पेरणीची तिफण धरा. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, मी तो इथे ग्रुपवर टाकत जाईन.

दादा: बियाण्याचं काय? घरचंच आहे ना? काढणीला भिजलं होतं ते.

ताई: मग उगवण तपासा, आप्पा, माझं ऐका. सरसकट शंभर दाणे घ्या, चांगले निवडून नाही. ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा. सत्तर उगवले तर बी चांगलं. कमी आले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल, फारच कमी आले तर दुसरं बघू. वाट बघायचे दिवस तरी कामी येतील.

आजी: आप्पा, पोरगी बरोबर सांगते. पाऊस आला की मागच्या दारी बादली लावून ठेवते मी.

काका: आई, बादलीवर नाही कळत. तालुक्याला पर्जन्यमापक मिळतं का बघतो, या रविवारी येताना आणतो.

आप्पा: गोणपाट भिजवलंय. शंभर मोजून मांडले, वीस-वीसच्या पाच ओळी. सातव्या दिवशी उघडून फोटो टाकतो. तोवर तिफण पडवीतच.