५००० वस्तीच्या गावाची बास्केटबॉल टीम एस्टोनियाच्या टॉप लीगमध्ये टिकते कशी? (रापला)

तालिनमधला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी टॅलिनमध्ये (एस्टोनियाची राजधानी) मास्टर्स करतोय, दुसरं वर्ष. शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळलो, जिल्ह्याच्या पुढे काही गेलो नाही पण खेळ डोक्यातून जात नाही. परवा लॅबमधल्या एका मित्राने मला जवळजवळ ओढतच रापलाला मॅच बघायला नेलं. टॅलिनहून ट्रेनने तासाभराचं अंतर, ती नारिंगी ट्रेन असते ना जिला इथले लोक गाजर म्हणतात, तीच. उतरलो तर सगळं सामसूम, दुपारी चारलाच अंधार पडलेला, दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च, बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मनात म्हटलं इथे कसली प्रोफेशनल मॅच!

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बघतच राहिलो. अख्खं गाव आत बसलेलं. आज्या स्वेटर विणतायत, पोरं क्लबच्या टीशर्टात, हाफटाइमला पाच-सहा वर्षांची पिल्लं कोर्टवर येऊन शूटिंग करतायत आणि प्रत्येक बास्केटला टाळ्या. समोरची टीम मोठ्या शहरातली होती, रापला ८-१० पॉइंटने हरली, तरी शेवटचा हॉर्न वाजल्यावर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय. रापला शहराची वस्ती ५००० च्या आसपास, आमच्याकडे एवढं तर एखादं बऱ्यापैकी खेडं असतं. एवढ्याशा गावाला देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये टीम चालवणं कसं जमतं? पैसा कुठून येतो, पोरं कुठून येतात? विचारायचं कारण असं की मी ज्या क्लबात खेळायला शिकलो तो एका माणसाच्या पैशावर चालायचा, त्यांनी हात काढून घेतला आणि वर्षभरात रिंगांना गंज चढला. आजही ते ग्राउंड बघितलं की पोटात तुटतं. इथलं गणित कोणाला माहीत असेल तर नीट सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

टार्टूकर_ताई

अरे वा, रापलावर मराठीत धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं! मी ९ वर्षं टार्टूत (टॅलिननंतरचं इथलं मोठं शहर) आहे, माझा मुलगा इथे बास्केटबॉल शिकतो त्यामुळे ही सिस्टीम आतून बघितलीय, सांगते जमेल तसं.

पहिली गोष्ट, तू बघितलीस ती सीनियर टीम म्हणजे क्लबचं वरचं टोक. खालचा पसारा मुलांचा असतो. सात-आठ वर्षांपासूनची मुलं-मुली, वयोगटाच्या टीम, वीकेंडला दुसऱ्या गावी स्पर्धा, आईबाप गाड्या काढून नेतात. पालक दर महिन्याला फी भरतात, नगरपालिका मुलांच्या खेळाला पैसे देते आणि हॉल पुरवते. आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला वाटतं इथे आहे: २०१५ पासून सरकार मुलांना शिकवणाऱ्या कोचच्या पगारातला अर्धा वाटा उचलतं. अट अशी की कोचने परीक्षा देऊन ठरावीक लेव्हलचं सर्टिफिकेट घेतलेलं पाहिजे आणि उरलेला अर्धा क्लबने किंवा पालिकेने घातला पाहिजे. म्हणजे कोच ही पगाराची नोकरी झाली, संध्याकाळी ऑफिसवरून येऊन हौसेने शिट्टी वाजवायचं काम राहिलं नाही. तुझ्या त्या क्लबात एक माणूस गेला आणि सगळं बसलं, कारण सगळं वजन एकाच खांबावर होतं. इथे एक खांब हलला तर बाकीचे धरून ठेवतात. डळमळतं, पण एकदम बसत नाही.

दुसरं म्हणजे हवामान. नोव्हेंबर ते मार्च बाहेर काय खेळणार? अंधार आणि घसरडं. त्यामुळे स्पोर्ट्स हॉल हा गावाचा चौक असतो, लोक तिथेच भेटतात. आज्या स्वेटर विणत बसतात ते त्यासाठीच, घरी एकटं बसण्यापेक्षा बरं.

आणि हा खेळ यांच्या जुन्या अंगवळणी पडलेला आहे बरं का. १९२० च्या सुमारास वायएमसीएच्या लोकांनी तो इथे आणला (आपल्या मुंबईत नागपाड्याचं बास्केटबॉलही वायएमसीएच्याच अंगणात वाढलं, ते आठवलं). १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला तेव्हा पहिलीच मॅच एस्टोनिया विरुद्ध फ्रान्स होती, एस्टोनिया जिंकली, आणि खेळाचे जनक नेस्मिथ स्वतः तिथे हजर होते. एस्टोनियन भाषेत खेळाचं नावच कोर्वपाल्ल, कोर्व म्हणजे टोपली आणि पाल्ल म्हणजे चेंडू. परका खेळ वाटतच नाही यांना.

---

कोर्टसाईड

ताईंनी खालची बाजू सांगितली, मी वरची सांगतो, म्हणजे सीनियर टीमचा पैसा. मी कामानिमित्त ४ वर्षं टॅलिनमध्ये होतो, शनिवार-रविवार मिळाला की गावोगाव मॅच बघत फिरायचो.

टीमची नावं नीट वाच, हिशोब तिथेच लिहिलेला असतो. रापलाची टीम बरीच वर्षं आविस उतिलितास रापला या नावाने खेळली. आविस म्हणजे गाड्या भाड्याने देणारी कंपनी, उतिलितास म्हणजे शहरांना पाइपातून गरम पाणी आणि हीटिंग पुरवणारी, रापलातली घरं पण तीच तापवते. तू ज्या हॉलमध्ये बसलास त्याचं नाव सादोलिन, ती रंगाची कंपनी, तिचा कारखाना रापलातच आहे. पार्नूची टीम पार्नू सादाम, सादाम म्हणजे बंदर, तिथलं बंदरच स्पॉन्सर. वाल्गाच्या टीमला माक्स आणि मोरित्स हे सॉसेजचं नाव असायचं, कारण मांसाचा मोठा कारखाना वाल्गात. टॅलिनच्या कालेव टीमला कित्येक वर्षं बांधकामाची मशिनं भाड्याने देणाऱ्या क्रामोचं नाव जोडलेलं होतं. म्हणजे बघ, ज्या कंपनीची माणसं त्या गावात राहतात किंवा जिचं गिऱ्हाईक त्या गावात आहे तिलाच टीममध्ये रस असतो. तुमच्या घराचा रेडिएटर जी कंपनी गरम ठेवते तीच तुमच्या पोराच्या आवडत्या खेळाडूच्या छातीवर लिहिलेली. हे मला फार आवडायचं.

खेळाडूंचं म्हणशील तर मिश्रण असतं. काही गावातलेच वाढलेले, काही टॅलिन-टार्टूच्या टीममध्ये जागा न मिळालेले तरुण ज्यांना खेळायला मिनिटं हवी असतात, काही तिशी ओलांडलेले अनुभवी, आणि दोन-चार अमेरिकन पोरं. ती अमेरिकन कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली असतात, पहिलाच प्रोफेशनल करार, पगार फार नसतो पण एक सीझन चांगला गेला की पोलंड, जर्मनी असं पुढे जाता येतं. त्यामुळे लहान क्लबला दरवर्षी जवळपास नवी टीम बांधावी लागते. चांगला निघाला की गेलाच तो. हे या क्लबचं कायमचं दुखणं आहे, आणि त्यातूनही दर ऑक्टोबरला नव्याने उभं राहतात, मला तर या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात.

---

हाफकोर्ट_नागपूर

वाचायला छान वाटतंय सगळं पण एक शंका. नाव कंपनीचं, मेन स्कोअरर अमेरिकेचे, दरवर्षी नवी टीम, मग त्यात गावाचं राहिलं काय? आणि अशा टीम कधी काही जिंकतात तरी का, की मोठ्या शहरांना दोन पॉइंट देण्यापुरत्याच असतात? मी स्वतः मुलांना शिकवतो, त्यामुळे मला हे खोडसाळपणे विचारायचं नाहीये.

---

कोर्टसाईड

प्रश्न रास्त आहे सर. जिंकण्याचं आधी सांगतो. वर्षानुवर्षं कप टॅलिनला नाहीतर टार्टूला. पण २०२२ ला पार्नू सादाम चॅम्पियन झाली, पहिल्यांदाच. पार्नू म्हणजे समुद्रकाठचं, उन्हाळ्यात लोक सुट्टीला जातात ते गाव, शहराची वस्ती ४०,००० च्या आसपास. कोच होते हाइको रन्नुला. त्यानंतर कालेवने त्यांना नेलं, आणि २०२५ च्या युरोबास्केटला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) एस्टोनियाच्या नॅशनल टीमचे कोच तेच होते. म्हणजे लहान गावात सिद्ध झालेला माणूस देशाच्या बेंचवर जाऊन बसला.

राक्वेरे बघा, वस्ती १५,००० च्या आसपास. टीमचं नाव तार्वास, म्हणजे रानबैल, तो प्राणी १६२७ लाच जगातून संपला. गावाला ७०० वर्षं झाली तेव्हा २००२ मध्ये टेकडीवर त्याचा प्रचंड पुतळा उभारला, तोच टीमच्या नावातही. मार्तिन म्यूरसेप, एनबीएत खेळलेला पहिला एस्टोनियन, मायामी आणि डॅलसकडून खेळलेला माणूस, त्याने पण या टीमला कोचिंग केलंय. विचार करा, तालुक्याच्या गावातल्या पोरांना एनबीए खेळलेला माणूस टाइमआउटमध्ये पाटीवर प्ले काढून दाखवतोय!

आता गावाचं काय राहिलं म्हणाल तर स्पॉन्सर बदलतो, कोच बदलतो, अमेरिकन बदलतात, नावातलं गाव तेवढं बदलत नाही. रापला, रापलाच राहतं.

---

रीगावाला

उशिरा लिहितोय, परीक्षा होत्या. मी रीगात शिकतो, लॅटव्हियात, तर तिकडचं थोडं सांगतो कारण एक मोठी गोष्ट कोणी बोललंच नाही. या टीम आता फक्त एस्टोनियाच्या लीगमध्ये खेळत नाहीत. २०१८ पासून लॅटव्हिया आणि एस्टोनियाची एकत्र लीग आहे. त्याआधी २००४ ते २०१८ तिन्ही देशांची बाल्टिक लीग होती, पण लिथुएनियाचं बास्केटबॉल वेगळ्याच उंचीवर, त्यांची स्वतःची लीगच इतकी तगडी की ते त्यांच्या वाटेने गेले. उरले हे दोघं. एस्टोनियाची लोकसंख्या १३-१४ लाख, लॅटव्हियाची १८-१९ लाख, दोन्ही मिळून आपल्या एका पुणे शहराएवढी पण नाही. एकेकट्याने लीग चालवली तर त्याच सात-आठ टीम एकमेकांशी खेळून खेळून कंटाळणार, प्रेक्षक पण कंटाळणार. एकत्र आल्यावर मॅच चांगल्या झाल्या, प्रवास पण बसने होतो, विमान लागत नाही. आणि एकत्र सीझन झाला की प्रत्येक देशाचे प्लेऑफ वेगळे, देशाचा चॅम्पियन वेगळा ठरतो. त्यामुळे रापलाच्या लोकांना वर्षभर रीगाच्या टीमही बघायला मिळतात आणि शेवटी टॅलिनला हरवण्याची संधी पण असते. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनचा प्रोमेतेई क्लब रीगात येऊन राहिला आणि २०२२-२३ ला याच लीगमध्ये खेळला, ते लोक त्याच वर्षी युरोकपही (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) खेळत होते. त्या तोडीची टीम आपल्या लीगमध्ये येते म्हणजे लहान गावांसाठी काय पर्वणी!

आणि वाल्गाचं नाव आलं वर म्हणून लिहितोच. वाल्गा आणि वाल्का हे खरं तर एकच गाव. १९२० मध्ये दोन्ही देशांचं जमेना तेव्हा टॅलेंट्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हद्द ठरवून दिली आणि गावाचे दोन तुकडे झाले, मोठा भाग एस्टोनियात वाल्गा, लहान लॅटव्हियात वाल्का. सोव्हिएत काळात एकाच राज्यकर्त्याखाली असल्यामुळे लोक इकडेतिकडे करायचे, १९९१ नंतर परत चौक्या आल्या, तारा आल्या, शेजाऱ्याकडे जायला पासपोर्ट. २००७ च्या डिसेंबरात शेंगेन (युरोपातल्या देशांत हद्दीवर तपासणी नाही) झालं आणि चौक्या गेल्या. आता हद्दीवर झोका टांगलाय, एका देशातून दुसऱ्या देशात झोके घ्यायचे. तर या गावाच्या टीमने नावच वाल्गा-वाल्का घेतलं, दोन्ही देशांचं मिळून एक. पूर्वी रीगाहून टार्टूला जाताना वाल्गाला ट्रेन बदलावी लागायची (२०२५ पासून थेट झाली), तेव्हा एकदा दोन तास मोकळे होते म्हणून मी गावात फिरलो. हद्दीजवळच्या मैदानावर काही पोरं खेळत होती, पास देताना कोणी एस्टोनियनमध्ये ओरडतंय कोणी लॅटव्हियनमध्ये आणि मध्येच रशियन. बॉल बरोबर पोचत होता. मी गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच उभा होतो.

---

हाफकोर्ट_नागपूर

रीगावाला, हे वाचून अंगावर काटा आला भावा. आणि ताई, तो कोचच्या पगाराचा मुद्दा मी आमच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. अर्धा सरकार, अर्धा स्थानिक, आणि पात्रतेची अट. त्या सर्टिफिकेटच्या लेव्हल कशा असतात, परीक्षेत काय विचारतात ते जमल्यास लिहा ना.

---

टार्टूकर_ताई

नक्की लिहीन, मुलाच्या कोचला विचारून नीट लिहिते, अर्धवट सांगायला नको. लेव्हल आकड्यांत असतात, ३ पासून वर वर जायचं, आणि सरकारी वाटा मिळायला ५ किंवा त्याच्या वरची लागते एवढं माहितीये. फर्स्ट एडचं ट्रेनिंगही लागतं.

सांगलीकर, एक सांगायचं राहिलं. मोठे क्लब चांगलं पोर लहानपणीच हेरून नेतात, गावातल्या कोचला त्याचं वाईट वाटतंच. पण माझ्या मुलाचा कोच म्हणतो, गेलेलं पोर समोरच्या टीमकडून खेळायला आलं तरी हॉलमध्ये त्याचं नाव पुकारलं की सगळ्यात जास्त टाळ्या आपल्याच लोकांच्या. मी बघितलंय ते.

---

तालिनमधला_सांगलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं. एक खांब आणि अनेक खांब, ताई हे फार खोल लागलं. आमच्या क्लबात सरांना कधी पगार नव्हताच, पेट्रोलचे पैसे पण स्वतःचे घालायचे, आणि आम्ही पोरं समजायचो की सरांना काय, आवडच आहे. काल रात्री त्यांना फोन केला, बऱ्याच वर्षांनी. रापलाचं सगळं सांगितलं, आज्या, पिल्लं, हीटिंगवाली कंपनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बोर्ड काचेचे आहेत का रे तिथे? म्हटलं हो सर. मग थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

पुढच्या शनिवारी परत जातोय, आणखी दोघं मराठी पोरं येतायत. व्हिडिओ कॉलवर सरांना हॉल दाखवायचाय, वॉर्मअपच्या वेळी, म्हणून लवकरची गाडी धरणार. कोर्टसाईड दादा, मॅच संपल्यावर टॅलिनची परतीची गाडी मिळते का, की ओव्हरटाइम झाला तर अडकायला होतं?

---

कोर्टसाईड

टाइमटेबल सीझनला बदलतं, अॅपवर बघूनच निघ. मी एकदा ओव्हरटाइमसाठी थांबलो आणि गाडी गेली होती, शेजारी बसलेल्या काकांनी त्यांच्या गाडीतून टॅलिनपर्यंत सोडलं, वाटेत एक शब्द बोलले नाहीत, उतरताना फक्त म्हणाले परत या. सरांना माझा पण नमस्कार सांग.