मदत हवी आहे : उन्हाळी सुट्टीत मोकळ्यावर खेळण्यासाठी नेमबाजीची खेळणी कोणती घ्यावीत?

नमस्कार.

या सुट्टीत आमच्याकडे चार ते बारा वर्षे वयाची पाच मुले जवळजवळ महिनाभर एकत्र राहणार आहेत आणि त्यांना घराबाहेर खेळता येईल असा नेमबाजीच्या खेळण्यांचा एखादा संच घ्यावा असा विचार आहे. दोन आठवडे मी यावर वाचत आहे, पण जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, कारण खोक्यावर मारा किती लांब जातो हे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि तोच मारा पाच पावलांवरून लागला तर काय होईल याबद्दल अवाक्षर नसते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गेल्या उन्हाळ्यात फोमचे डार्ट मारणारी एक बंदूक आणली होती. तिसऱ्याच दिवशी थोरल्याने झुडपाआडून मारलेला डार्ट धाकट्याच्या डोळ्याखाली, जेमतेम बोटभर अंतरावर लागला. लाल वळ दोन दिवस राहिला आणि नंतर गेला. पण मी ती बंदूक माळ्यावर टाकली, ती अजून तिथेच आहे. यात खेळण्याला दोष देण्याचे कारण नाही. कोणाच्याही डोळ्यांवर गॉगल नव्हता आणि तीन व अकरा वर्षांच्या मुलांना आम्ही एकमेकांविरुद्ध उभे केले होते.

या वेळी चार पर्याय डोळ्यांसमोर आहेत : फोमचे डार्ट, पाण्याच्या बंदुका, अवरक्त किरणांवर चालणारा लेझर टॅगचा (प्रकाशाच्या झोताने एकमेकांना टिपण्याच्या खेळाचा) संच आणि पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्यांची बंदूक. शेवटच्या पर्यायाचा आग्रह अर्थातच बारा वर्षांच्या चिरंजीवांचा आहे. जागा मोकळी आहे, अर्ध्या भागात गवत आहे, एका बाजूला भिंत आहे आणि संध्याकाळी बऱ्यापैकी वारा सुटतो. मुलांपैकी एकीला चष्मा आहे, आणि एकाला मोठ्या आवाजाची भीती वाटते. लहान-मोठ्यांना एकत्र खेळता येईल असे काही आहे का, की वयानुसार वेगळेच घ्यावे लागेल, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

पहिला प्रतिसाद

आपण बंदुकीपासून सुरुवात केली आहे. माझ्या मते सुरुवात खेळापासून करावी. मुले एकमेकांवर मारा करणार आहेत की एखाद्या लक्ष्यावर, हे आधी ठरवले की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. चार वर्षांच्या मुलाला पळत्या माणसावर नेम धरता येत नाही आणि आपल्यावर कुठून मारा होणार याचा अंदाजही येत नाही. त्यामुळे त्याचा वाटा फक्त मार खाण्याचा उरतो. तोच मुलगा भिंतीपाशी रचलेले रिकामे डबे पाडण्यात अर्धा तास रमतो. मोठ्यांना रेघ लांब आखून द्यावी, लहानांना जवळ. दोघेही एकाच रांगेतले डबे पाडू शकतात आणि वयातील तफावत अंतराने भरून निघते.

आता माऱ्याच्या जोराविषयी. नेहमीचा फोमचा डार्ट सुमारे एक ग्रॅम वजनाचा असतो आणि सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे त्याची गतिज ऊर्जा (वेगामुळे अंगी येणारी ऊर्जा; ती जूलमध्ये मोजतात) ०.२ जूलच्या आसपास येते. मोठ्यांच्या पेंटबॉलमध्ये रंग भरलेली तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९० मीटरपर्यंत वेगाने सुटते, तिथे हाच आकडा १२ जूलच्या घरात जातो. एअरसॉफ्टची (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळाच्या बंदुकीची) ०.२ ग्रॅमची प्लास्टिकची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर एक जूल. बारा वर्षांच्या मुलाला हे तिन्ही प्रकार एकाच जातीचे वाटतात, कारण दिसायला ते सारखेच असतात. पण नंतरचे दोन खेळणी नव्हेत, हे त्याला आकड्यांनिशी सांगून पाहावे. नुसत्या नकारापेक्षा आकडे त्या वयाला लवकर पटतात, असा माझा तरी अनुभव आहे.

तथापि ०.२ जूल म्हणजे निरुपद्रवी असे डोळ्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. फोमचा डार्ट लागल्याने तिघांच्याही डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता आणि त्यांपैकी दोघे तर प्रौढ होते. वेगळ्या सुट्या विकत मिळणाऱ्या डार्टचे टोक दाबून पाहावे आणि ते कडक लागले तर घेऊ नयेत. मोठी मुले स्प्रिंग बदलून जोर वाढवण्याच्या युक्त्या कुठूनतरी शिकून येतात, त्यांवरही लक्ष असावे.

मोकळ्यावर फोमची आणखी एक अडचण म्हणजे वारा. डार्ट इतका हलका असतो की आडवा वारा त्याला सहज बाजूला नेतो आणि मग नेमबाजीचे रूपांतर डार्ट शोधण्याच्या खेळात होते. वारा पडलेला असताना, भिंतीकडे तोंड करून आणि समोर जुनी चादर दोरीवर टांगून खेळावे. डार्ट चादरीला लागून खाली पडतात, गवतात हरवत नाहीत. ओला झालेला फोम फुगतो आणि नळीत अडकतो, म्हणून पाण्याच्या बंदुका आणि डार्ट एकाच वेळी बाहेर काढू नयेत.

दुसरा प्रतिसाद

जेलच्या गोळ्यांबद्दल मी स्पष्टच लिहितो : घरात चार वर्षांचे मूल असताना त्या आणू नयेत. त्या पाणी शोषून कित्येक पटींनी फुगणाऱ्या पॉलिमरच्या असतात. न भिजलेली गोळी मोहरीएवढी दिसते, रंगीत असते आणि लहान मुलाला ती गोड गोळी वाटते. गिळली गेल्यास ती पोटात फुगत राहते, आतड्याचा मार्ग अडवू शकते आणि साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसतही नाही. शिवाय मोकळ्यावर मारलेल्या गोळ्या कधीच सगळ्या गोळा होत नाहीत. उन्हाने त्या आक्रसतात, पाणी मिळाले की पुन्हा फुगतात. थोरल्याचा रुसवा दोन दिवसांत जाईल.

तिसरा प्रतिसाद

उन्हाळ्यासाठी माझे मत पाण्याच्या बाजूने आहे, पण त्यातही दोन जाती आहेत आणि खोक्यावर हा फरक नीट लिहिलेला नसतो. एकीत दट्ट्या ओढून पाणी भरायचे आणि ढकलून सोडायचे. जितका हाताचा जोर तितकी धार. दुसरीत पंप मारून टाकीतील हवा दाबायची, आणि चाप ओढला की ती दाबलेली हवा पाण्याला बाहेर फेकते. ही दुसरी कल्पना अमेरिकी अभियंते लॉनी जॉन्सन यांची. १९८२ मध्ये ते पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग घरी करत होते, त्यात नळीच्या तोंडातून स्नानगृहात जोरदार धार उडाली आणि त्यातून खेळण्याचा विचार सुचला. १९९० मध्ये ते खेळणे बाजारात आले आणि पुढच्या वर्षी सुपर सोकर या नावाने गाजले.

आपल्या मुलांसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की चार-सहा वर्षांच्या मुलांना दट्ट्याची द्यावी आणि आठच्या पुढच्यांना पंपाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. दोन लिटरची टाकी भरून चार वर्षांच्या हातात दिली तर मूल पाचव्या मिनिटाला ती खाली ठेवते आणि नळाकडे वळते. मोठी टाकी मोठ्यांना देण्यात एक वेगळा न्यायही आहे, कारण वजनामुळे त्यांचे पळणे मंदावते. जवळून तोंडावर मारू नये हा नियम इथेही हवाच, कारण पंपाची धार डोळ्याला जोरात लागते.

उन्हात पडलेल्या रबरी नळीतील पहिले पाणी चटका बसण्याइतके तापलेले असू शकते. ते आधी वाहू द्यावे आणि बंदुका सावलीतल्या बादलीतून भराव्यात. खेळ संपताच ती बादली पालथी घालावी. लहान मूल घरात असताना भरलेली बादली बाहेर राहू देऊ नये. टाक्याही रिकाम्या करून झाकण उघडे ठेवून वाळवाव्यात, नाहीतर आठवड्याभरात आत बुळबुळीत थर धरतो.

चौथा प्रतिसाद

लेझर टॅगबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे. नावात लेझर असले तरी घरगुती संचांत बहुधा दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखाच अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो. अंगावर काहीच आदळत नसल्याने एकमेकांवर मारा करण्याच्या खेळासाठी हाच प्रकार मला सर्वांत निर्धास्त वाटतो. मात्र सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात आणि त्यांत छातीवरच्या संवेदकाला बंदुकीचा क्षीण संकेत ओळखणे जड जाते. खोक्यावर लिहिलेले अंतर भर दुपारी पार घटते आणि मुले आपापसांत भांडू लागतात की मी मारले, तू लागलेच नाही म्हणतोस. सूर्य कलल्यावर किंवा झाडांच्या दाट सावलीत खेळल्यास ही तक्रार राहत नाही. बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू आहे ना, हे पाहूनच घ्यावे. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असतील तर अधिकच, कारण तशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका दोन तासांच्या आत भाजू शकते. आवाज कमी करण्याची सोय आहे का तेही तपासावे. आपल्याकडील आवाजाला घाबरणाऱ्या मुलाचा विचार करता हे महत्त्वाचे आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जेलच्या गोळ्या रद्द केल्या आहेत. थोरल्याला आकडे दाखवले; पेंटबॉल डार्टच्या साठपट आहे हे त्याने स्वतः भागाकार करून काढले आणि मग विषय वाढवला नाही. तूर्त असे ठरते आहे : दुपारी चार वाजल्यानंतर सर्वांसाठी पाणी, तीन दट्ट्याच्या आणि दोन पंपाच्या, डार्ट सकाळी, वारा नसताना, केवळ डब्यांवर. लेझर टॅग या वर्षी नको, कारण पाच जणांचा संच घेऊन तो फक्त तिन्हीसांजेला वापरायचा हे मला पटत नाही. एक प्रश्न मात्र राहतो. चष्मा असलेल्या मुलीला वेगळ्या गॉगलची गरज आहे का, की चष्म्यानेच काम भागेल?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

चष्म्याने भागणार नाही. रोजच्या चष्म्याची काच आघातासाठी बनवलेली नसते आणि बाजू उघड्या राहतात. डार्ट बाजूने आला तर चष्म्याची काडीच डोळ्याशी रुतायची. चष्म्यावरून बसणारे पॉलिकार्बोनेटचे (सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचे) संरक्षक गॉगल मिळतात, तेच घ्यावेत, आणि लहान चेहऱ्याच्या मापाचे घ्यावेत, कारण मोठ्या मापाचा गॉगल धावताना नाकावर घसरतो. पोहण्याचे गॉगल चालणार नाहीत. उन्हाळ्यात आतून वाफ धरते आणि मुले नेमकी त्याच वेळी गॉगल कपाळावर चढवतात. म्हणून बाजूंना हवेची छिद्रे असलेला पाहावा आणि एक नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा, की कोणाचाही गॉगल वर गेला की सगळ्यांच्या बंदुका खाली. डार्ट वेचायला कोणी भिंतीकडे जाईल तेव्हाही हाच नियम लागू करावा. डब्यांच्या खेळात जास्त धोका तिथेच असतो; डबा पडला की धाकटी मुले कोणाची वाट न पाहता धावत सुटतात.

धागाकर्त्याचे उत्तर

हे लक्षात आले नव्हते. डब्यांचा खेळ म्हणजे गॉगलची गरज नाही असेच मी धरून चाललो होतो. पाचही मुलांसाठी गॉगल घेत आहे. माळ्यावरची बंदूक आज खाली काढली. ती चालते आहे, पण बावीसपैकी नऊ डार्टची टोके सुटून हातात आली. ते नऊ डार्ट टाकून दिले.