पगार स्वतःचा, मग गुंतवणुकीचे निर्णय दुसऱ्याचे का?

वैदेही (ठाणे)
आमच्या कार्यालयातील बहुतेक स्त्रिया पदवीधर आहेत आणि त्यांचा पगार स्वतःच्याच खात्यात जमा होतो. तरीही प्राप्तिकराची जुनी प्रणाली हवी की नवी, अशी विचारणा लेखा विभागाकडून आली, की कित्येकजणी ‘घरी विचारून सांगते’ असे उत्तर देतात. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात आर्थिकदृष्ट्या साक्षर पुरुष २९ टक्के, तर स्त्रिया २१ टक्के आढळल्या होत्या. (२९ टक्क्यांवर पुरुषांनी मिरवावे असेही काही नाही.) शिक्षण आणि उत्पन्न दोन्ही असताना ही दरी कशामुळे उरते?

फंडवाला (डोंबिवली)
वैदेहीताई, मी म्युच्युअल फंडांचा वितरक आहे. पत्नीच्या नावावरील फोलिओत (म्हणजे फंडातील गुंतवणूक खात्यात) मोबाईल क्रमांक आणि ईमेल पतीचा, हे चित्र मला सर्रास दिसते. त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो, खातेविवरण त्याच्या ईमेलवर येते, आणि जिच्या पगारातून एसआयपीचा (फंडातील दरमहा गुंतवणुकीचा) हप्ता वळता होतो तिला बाजार कोसळल्यावर आपली रक्कम किती घटली व पुढे ती कशी सावरली, हे पाहायलाच मिळत नाही. जोखीम म्हणजे काय, हे त्या चढउतारांतूनच अंगवळणी पडते, व्याख्यानाने नव्हे. क्रमांक कोणाचा आहे हे नोंदवण्याचा रकाना अर्जात असतो आणि मी तो आवर्जून विचारतो. मात्र ‘त्यांचाच टाका, मला ती कटकट नको’ असे पुष्कळदा पत्नीच सांगते, हेही नमूद केले पाहिजे.

निवृत्त बँक अधिकारी
‘कटकट नको’ ही वृत्ती माहेरीच घडते, असे माझे मत आहे. स्लिप भरायला, पासबुकावर नोंदी करून आणायला वडील मुलाला बँकेत पाठवत, मुलीला क्वचितच. कुवतीचा प्रश्न येथे नाही, कारण याच स्त्रिया भिशीचा हिशेब, कोणाचा हप्ता थकला आणि कोणाची पाळी कधी लागणार यासह, चोख ठेवतात. ज्ञानाअभावी होणारे नुकसान पतीच्या निधनानंतर उघड होते. संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला) पद्धतीचे असेल तर तेथील पैसे सहज मिळतात. परंतु शेअर केवळ पतीच्या नावावर असतील आणि पत्नी नॉमिनी (मृत्यूनंतर ते स्वीकारण्यासाठी नोंदवलेली व्यक्ती) असेल, तर ती आपसूक मालक झाल्याचे गृहीत धरले जाते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत स्पष्ट केले आहे. शेअर कोणाला मिळावेत हे सांगणाऱ्या मृत्युपत्राचा विषय मात्र घरात काढणेही अशुभ समजले जाते.

वैदेही (ठाणे)
दोघांचेही आभार. फोलिओतील क्रमांक नंतर बदलता येतो का?

फंडवाला (डोंबिवली)
येतो. फंड घराण्याकडे किंवा कॅम्स अथवा केफिनटेक यांपैकी जो निबंधक (फंडाच्या गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी) असेल त्याच्या केंद्रात स्वतःच्या सहीने अर्ज द्यावा. केवायसीच्या (ओळख-पडताळणीच्या) नोंदीत पतीचाच क्रमांक असल्यास तोही बदलून घ्यावा. निरनिराळ्या फंडांचे निबंधक वेगळे असू शकतात, त्यामुळे आधी आपल्या सर्व फोलिओंची यादी करावी. ती यादीच अनेकींकडे नसते.