टायटॅनियम की झिर्कोनिया: हाड कशाला लवकर धरतं?

निपाणीकर: आईची (वय 58) खालची पहिली दाढ काढून चार महिने झालेत. बेळगावच्या डॉक्टरांनी टायटॅनियमचा इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ) सुचवलाय, पांढरा झिर्कोनियाही (सिरॅमिकचा) बसवता येईल म्हणतात. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.4. पूर्वी मिश्री लावायची. भरून यायला कशात कमी वेळ लागतो?

हिरडी_हाड: हाड दोन्हींना धरतं. वेळ ठरतो पृष्ठभागावर. गुळगुळीत टायटॅनियम होतं तेव्हा खालच्या जबड्यात तीन, वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे. आता कणांचा मारा करून आम्लाने खरबरीत केलेला असेल आणि हाड घट्ट असेल तर खाली सहा ते आठ आठवड्यांत कॅप बसते. झिर्कोनियाला बहुतेक जण तीन महिने तरी देतात. जपायचं ते दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. सुरुवातीची पकड जुन्या हाडाची असते, ते विरघळत जातं आणि नवं अजून कच्चं असतं. दुखत नाही म्हणून लोक नेमके तेव्हाच त्या बाजूने भडंग, चकली चावतात.

खानापूर_रोड: झिर्कोनियाचा फायदा हिरडीला: प्लाक (दातावरचा जंतूंचा थर) कमी चिकटतो, धातूची करडी छटा दिसत नाही. पण मागच्या दाढेला कोण बघतंय? शिवाय बरेच झिर्कोनिया इम्प्लांट एकसंध असतात. हिरडीखाली झाकून ठेवता येत नाहीत, वरच्या खुंटाला पहिल्या दिवसापासून जीभ आणि घास लागतो. कोन चुकला तर अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा वरचा भाग) बदलायची सोय नाही, घासून सरळ करायला गेलं तर बारीक भेगा पडतात. दाढेला टायटॅनियमच घ्या.

हिरडी_हाड: सहमत. एचबीए1सी सातच्या आसपास आणून मगच तारीख घ्या. मिश्री "पूर्वी" म्हणजे कधी? अजून चालू असेल तर आधी बंद, नाहीतर कुठलाही इम्प्लांट सैल व्हायचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ म्हणून अलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिकचं इंजेक्शन झालं असेल तर तेही न विसरता सांगा, जबड्याचं हाड मरू शकतं.

निपाणीकर: मिश्री दोन वर्षं बंद आहे. गोळ्यांचं विचारून बघतो. बसवताना काय बिघडतं?

खानापूर_रोड: उष्णता. हाड 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी मरतं, म्हणून धारदार ड्रिल, थांबत थांबत, वर गार सलाईन. घट्ट बसवण्याचा टॉर्क (पिळण्याचा जोर) 35 न्यूटन सेंटीमीटरच्या आसपास पुरतो. खालच्या कडक हाडात फार जास्त पिळला तर कडेचं हाड दबून झिजतं. आणि कंपनी, व्यास, लांबी, बॅच नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. पुढे स्क्रू ढिला झाला तर त्याच कंपनीचा ड्रायव्हर लागतो, मग दवाखाना बेळगावचा असो की कोल्हापूरचा.